गुमला

१

तीस बाटल्यांच्या डब्यात औषधाऐवजी साधं पाणी निघालं, आणि दहा मिनिटांच्या आत चोरही सापडला. एवढी चपळाई आमच्याकडे एरवी कशात दिसत नाही.

मी हेमांगी चुरी. गुरांची डॉक्टर म्हणून तेहतीस वर्षं नोकरी केली. आता वाणगावला वाडीत मिरच्या लावते आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्यांना फुकट इंजेक्शनं देते. तारापूरच्या कारखान्यांच्या गर्दीत 'शुभ्रांग' नावाची एक प्रयोगशाळा आहे. तिथे उंदरांवर औषधांच्या चाचण्या होतात. नियमाप्रमाणे त्यांच्या प्राणी समितीवर बाहेरचं एक माणूस लागतं, ते माणूस मी. तीन महिन्यांतून एकदा जायचं, पिंजरे बघायचे, सह्या करायच्या आणि त्यांचा गार झालेला ढोकळा खाऊन परत यायचं.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी मंगळी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. मंगळी म्हणजे सुका धोडीची बायको. सुका शुभ्रांगमध्ये उंदरांची देखभाल करतो. डोंगराकडच्या पाड्यावरचा माणूस, चौथीपर्यंत शिकलेला, सरावलीत भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्याइतका हलका हात मी डॉक्टर लोकांतही पाहिलेला नाही. उंदीर त्याच्या तळव्यावर झोपी जायचे.

"बाई, गराला कुलूप लावून आले," मंगळी म्हणाली. "सुकाला पकडून नेलाय. तीन आठवडे झाले. तुमाला कोनी सांगितला नाय?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि तिच्या पिशवीतले वकिलाचे कागद वाचायला घेतले. वाचता वाचता माझं डोकं तापायला लागलं.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीत शुभ्रांगमध्ये एका उत्तेजक औषधाची चाचणी चालू होती. झोप उडवणारं, अंगात तरतरी आणणारं औषध. ते दोन डब्यांत आलेलं, प्रत्येक डब्यात तीस बाटल्या. चोवीस तारखेला औषध पाठवणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला, त्याने दुसऱ्या डब्यातली बाटली तपासली, तर पाणी. उरलेल्या सगळ्याच बाटल्यांत पाणी, आणि बुचं पुन्हा बसवलेली. मग कोणीतरी पिंजऱ्यांवरची कार्डं काढून आणली. सुकाच्या अक्षरात, पेन्सिलीने, पन्नासेक ठिकाणी एकच शब्द होता: गुमला.

गुमला म्हणजे हरवला. चोराने स्वतःच लिहून ठेवलंय, आणखी काय पुरावा हवा? सुकाला गेटवरच्या केबिनमध्ये नेलं. तिथे रखवालदारांनी त्याला 'विचारलं'. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. मग त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं.

जबाबात सुकाचं एकच वाक्य होतं: 'साहेब, बाटली नाय, उंदीर गुमला.' त्याखाली कोणीतरी शेरा मारला होता: उंदीर मोजले, सोळाच्या सोळा हजर. आरोपी खोटं बोलतो.

ती कार्डं लिहायला मीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "बाई, मला सुद्द येत नाय." मी म्हटलं होतं, "शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. सुका, जे दिसेल ते लिही, तुझ्या शब्दांत." त्याने माझं ऐकलं आणि तो कोठडीत जाऊन पडला.

"शुक्रवारी पालघरला जामिनाची तारीख हाय," मंगळी म्हणाली. "तो सुटायला पायजे. आनि बाई, मला नाव पायजे. ज्याने केला त्याचा."

"नाव घेऊन काय करणार तू?"

"ते मी बगीन."

तिचा आवाज चढला नव्हता. मला मात्र स्वतःचीच धास्ती वाटली, कारण मलाही तेच हवं होतं. त्या माणसाला शोधायचं आणि सगळ्यांसमोर उभं सोलायचं.

२

शुभ्रांगच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गोड बोलणारा माणूस, पण प्रत्येक वाक्यात तुम्हाला दाराकडे ढकलणारा.

"हेमांगीबाई, प्रकरण मिटलंय हो आता."

"कोणाचं मिटलंय? बोटं मोडली त्याचं?"

अण्णा खोकले. "चाचणी रद्द झालीय. गुरुवारी दुपारी उंदीर संपवायचेत, नियमाप्रमाणे."

"माझ्या कागदात महिनाअखेर लिहिलंय. गुरुवार कोणी काढला?"

"डॉ. पागधरेंनी, चाचणी त्यांचीच ना. म्हणाले, उगाच खाणंपिणं कशाला."

"मग गुरुवार दुपारपर्यंत उंदीर माझे. समितीची सदस्य म्हणून सांगतेय. नाही म्हणालात तर आत्ता इथूनच वरच्यांना पत्र लिहिते."

अण्णांनी ढोकळा मागवला. म्हणजे हो.

आधी मी हेतलला गाठलं. हेतल भांडारावर असते. औषधांचं कपाट तिच्या ताब्यात, त्याची एक किल्ली तिच्याकडे आणि एक चाचणीचे प्रमुख डॉ. पागधरे यांच्याकडे. रोज सकाळी ती खिडकीतून सुकाला त्या दिवसाच्या बाटल्या द्यायची. मला बघून तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"मॅडम, मी तर काहीच नाही केलं."

"मी कुठे म्हटलं केलं म्हणून? रजेवर कधी होतीस?"

"नव्हते."

"हेतल."

"तेरा ते सोळा," ती पुटपुटली. "सुरतला, मावसबहिणीचं लग्न होतं ने. किल्ल्या खिळ्यावर अडकवून गेले. नियमात नाही बसत, म्हणून बोलले नाही. अण्णा नोकरीवरून काढतील."

"खिळा कोणाला माहीत होता?"

"सगळ्यांना. सुकाला पण."

"पहिला डबा कधी संपला?"

"पंधराला, शनिवारी. सतराला सोमवारी मी दुसरा उघडला. सील नीट होतं, मॅडम, देवाशपथ."

"आणि वापरलेल्या बाटल्या? त्यांत उरतंच ना थोडं?"

"त्या पागधरे सरांकडे जातात, नष्ट करायला."

"कार्डावरचा शब्द पहिल्यांदा कोणी वाचला?"

"मीच," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. "आमच्या गुजरातीत पण गुम म्हणजे हरवलं ने. तरी मी सरांना विचारलं. ते इथलेच, घिवलीचे. ते म्हणाले, हो, हरवला."

तिथून मी गेटवर गेले. रखवालदारांचा प्रमुख धीरज खुर्चीत पाय पसरून बसला होता. मला बघून उठला, पण फार सावकाश.

"सुकाची बोटं कोणी मोडली, धीरज?"

"गिर गया था, मॅडम."

"दोन बोटांवर? बाकीचा माणूस हवेत राहिला का?"

मी विचारलं, सोळा तारखेला, रविवारी, आत कोण आलं होतं? त्याने वही माझ्यापुढे सरकवली. पान कोरं.

"संडे को कोई नहीं आया. साहब लोग आए हों तो अलग बात है. साहब लोग का नाम नहीं लिखते."

"साहेब लोकांना चोरी करायची मुभा असते वाटतं?"

"मॅडम, उसने खुद लिखा था गुमला. गुम मतलब गुम. पागधरे साहब ने भी यही बोला."

"आणि तीस बाटल्या चोरणाऱ्याने पन्नास वेळा का लिहिलं? मोजता येतं ना तुला?"

धीरजने मोजलं नव्हतं. कोणीच मोजलं नव्हतं. कार्डावर लिहिलेलं बाटल्यांबद्दल नव्हतं, एवढं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पण मग कशाबद्दल?

३

डॉ. प्रीतम पागधरे माझ्यासाठी उठून उभा राहिला. घिवलीतून विज्ञानात डॉक्टर झालेला पहिला मुलगा. त्याचं कौतुक मी स्वतः भाषणात केलंय. मागच्या खेपेनंतर पार वाळला होता. टेबलावर पाच पेनं एका ओळीत मांडलेली. बोलता बोलता तो शेवटचं पेन उचलायचा, टोपण काढायचा, लावायचा आणि पेन पुन्हा ओळीत ठेवायचा. मग परत तेच.

"फार वाईट झालं, मॅडम. सुका चांगला माणूस होता. फार वाईट झालं."

"होता काय? आहे."

"हो, आहे, आहे. फार वाईट झालं."

त्याने मला सगळं न मागता दाखवलं. सोळा उंदीर. आठ पिंजऱ्यांवर लाल चिठ्ठी, आठांवर निळी. लाल म्हणजे रोज औषधाचं इंजेक्शन, निळी म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. कोणता रंग कशाचा हे सुकाला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं, म्हणजे त्याच्या नोंदीत पक्षपात नको. तीन फेब्रुवारी ते बावीस फेब्रुवारी, रविवार सोडून, इंजेक्शन झालं की अर्धा तास यंत्र उंदराची धावपळ मोजायचं आणि सुका कार्डावर काय दिसलं ते लिहायचा.

"हा आलेख," पागधरेने पडदा माझ्याकडे वळवला. लाल रेघ तीन तारखेपासून बावीसपर्यंत चढत गेलेली, जिना असावा तशी. "बघा किती छान चढलीय."

"फारच छान," मी म्हटलं.

त्याच्या तोंडात काही नव्हतं, तरी तो चावत होता. मला वाटलं सुपारी. एवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आये, बोल. काय? आत्या परत गुमली? कदी? तिला दारं लावून बसव, भगताला बोलवू नको. मी येतो रविवारी. तू जेवलीस का?"

फोन ठेवून तो ओशाळं हसला. "घरचं. आईला माझ्याशिवाय कोणी नाही."

मीही हसले. आईशी बोलताना भलेभले असेच होतात. मग मी कार्डांची चळत उचलली, पिशवीत टाकली आणि निघाले. मी कार्डं नेतेय हे बघून त्याचं टोपण काढणं-लावणं थांबलं, हे मात्र मी पाहिलं.

गेटबाहेर टपरीच्या बाकावर मंगळी बसून होती. मी तिच्याशेजारी धपकन बसले. दिवसभराची चिडचिड तिच्यावर निघाली.

"तुझा नवरा पण कमाल आहे. उंदीर गुमला म्हणे! सोळाच्या सोळा उंदीर मी आत्ता मोजून आले. एक तरी हरवलाय का?"

मंगळी ताडकन उभी राहिली. "हरवला कोन बोलला? गुमला बोलला तो! तुमी वानगावच्या ना, बाई? आमचा भगत गुमतो तो बगितला नाय कदी?"

आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, ट्रकवाल्यांसमोर, तिने डोळे मिटले आणि मान हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. अंबाडा सुटला, केस तोंडावर आले, ओठ पुटपुटायला लागले.

मी बाकावरून उठलेच.

घुमला! अंगात आल्यावर माणूस घुमतो, तो घुमला. घराला 'गर' म्हणणारी माणसं घुमण्याला काय म्हणणार? मंगळीने पहिल्याच वाक्यात मला उत्तर दिलं होतं, आणि मी बहिरी.

४

त्या संध्याकाळी मी ओटीवर सोळा कार्डं मांडली आणि तारखेप्रमाणे वाचली. मंगळी मिरच्या निवडत समोर बसली होती.

निळ्या आठ कार्डांवर तो शब्द एकदाही नव्हता. 'खाल्ला', 'झोपला', 'अंग चाटला', एवढंच. लाल कार्डांवर तीन तारखेला फक्त एका उंदरापुढे 'गुमला'. पाच तारखेला दोघांपुढे. आठला चौघांपुढे. बाराला सहा, आणि पंधराला आठच्या आठ. त्या तारखेखाली सुकाने लिहिलं होतं, 'समदे गुमले, दांडी चावत.'

"बाई, याचा काय?" मंगळीने विचारलं.

मी तिला जमेल तसं सांगितलं. आपल्याला वाटतं, रोज घेतलं की सवय होते आणि चढायचं कमी होतं. या औषधाचं उलटं आहे. डोस तोच, तेवढाच, पण रोज थोडा जास्त चढतो. पहिल्या दिवशी उंदीर नुसता पळापळ करतो. दोन आठवड्यांनी जागच्या जागी मुंडी हलवायला लागतो, हुंगत राहतो, पिंजऱ्याची एकच दांडी चावत राहतो. तेच ते, तेच ते, थांबवता येत नाही त्याला. आणि औषध महिनाभर बंद ठेवलं तरी त्याचा मेंदू विसरत नाही. एकदा थोडंसं दिलं की सगळं परत उसळून येतं.

"म्हंजे सुकाने बरोबर लिवला?"

"डॉक्टरांपेक्षा बरोबर लिहिलंय गं."

मग मी सतरा तारीख बघितली. लाल कार्डांवर 'खाल्ला', 'झोपला', 'अंग चाटला'. अठराला तेच. बावीसपर्यंत तेच. शनिवारी आठच्या आठ घुमत होते आणि सोमवारी एकही नाही.

सतराला हेतलने दुसरा डबा उघडला होता. म्हणजे उघडला त्याच दिवशी त्यात पाणी होतं. बाटल्या रोज एकेक करून गेल्या नव्हत्या, अख्खा डबा आधीच बदलला गेला होता, आणि तो सुकाच्या हाती पहिल्यांदा आला तेव्हाच पाण्याचा होता. ज्या शब्दावर सुकाला धरलं, तोच शब्द सांगत होता की पंधरापर्यंत एक थेंबही चोरीला गेला नव्हता.

मी कार्डावर हात आपटला. मंगळी दचकली.

"काय झाला?"

"जिना," मी म्हटलं. "त्याचा तो जिना."

माझ्या डोळ्यांसमोर पागधरेच्या पडद्यावरची लाल रेघ आली. सतरानंतरही न थांबता चढणारी. मग ती पाच पेनं आठवली. रिकामं चावणारं तोंड आठवलं. आणि तो घरचा फोन! माझं अंग तापलं.

"नाव समजला तुमाला," मंगळी म्हणाली. तिच्या हातातली मिरची तशीच राहिली होती.

"समजलं. गुरुवारी तू माझ्याबरोबर आत यायचंस. आणि मी सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"आनि सांगितल्यावर?"

काय सांगेन याची मलाच खात्री नव्हती.

५

गुरुवारी सकाळी अकरा वाजता अण्णांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. अण्णा, हेतल, पागधरे, दाराशी धीरज, मी आणि मंगळी. मंगळीला आत घ्यायला अण्णांची ना होती. मी म्हटलं, ती नाही तर मी नाही, आणि मी नाही तर पत्र.

टेबलावर दोन पिंजरे, एक लाल चिठ्ठीचा, एक निळ्या. शेजारी अण्णांनी तिजोरीतून आणलेली एक सीलबंद बाटली. पहिल्या डब्याबरोबर नमुना म्हणून राखून ठेवलेली, खऱ्या औषधाची.

"लाल उंदराला पंधरा फेब्रुवारीनंतर औषध मिळालेलं नाही, निळ्याला तर कधीच नाही," मी म्हटलं. "महिना झाला. आता दोघांना सारखाच, अगदी थोडा डोस देते."

मी बाटलीचं पत्र्याचं बूच अंगठ्याने उडवलं. टक् असा आवाज झाला.

पागधरे अण्णांना काहीतरी सांगत होता. तो वाक्याच्या मधेच थांबला. त्याने आवंढा गिळला, ओठांवरून जीभ फिरवली. त्याची नजर बाटलीवर खिळली ती हलेना. मी बाटली डावीकडे ठेवली, नजर डावीकडे गेली. उजवीकडे ठेवली, उजवीकडे आली. मी हे मुद्दाम केलं. दोनदा केलं.

इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत निळा उंदीर पिंजऱ्यात जरा फेऱ्या मारायला लागला. लाल उंदीर आधी धावला, मग कोपऱ्यात थांबला, आणि त्याने मान हलवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मग दांडी चावायला लागला.

"मंगळी, याला तुमच्यात काय म्हणतात?"

"गुमला," मंगळी म्हणाली.

अण्णांनी चष्मा काढला. हेतलने तोंडावर हात ठेवला. मी कार्डं मांडली, तारखा वाचून दाखवल्या आणि पागधरेकडे वळले.

"तुमच्या आलेखात सतरानंतरही उंदीर रोज जास्त धावलेत."

"यंत्राचे आकडे आहेत, मॅडम."

"कशावर धावले? दुसऱ्या डब्यात पाणी होतं. हे तर तुमच्याच तक्रारीत लिहिलंय."

"यंत्रात बिघाड असेल. बिघाड असू शकतो. बिघाड असेल."

"रोज शिस्तीत थोडा थोडा चढणारा बिघाड? उंदीर सोमवारी गप्प झाले, हे चौथी शिकलेल्या माणसाने बघून लिहिलं. तुम्ही प्रमुख. तुम्हाला दिसलं नाही? तुम्ही बघितलंतच नाही, कारण त्या बाटल्यांत काय आहे ते तुम्हाला आधीच माहीत होतं. आकडे तुम्ही मनाने भरलेत."

"हे सिद्ध होत नाही," तो म्हणाला. आता त्याच्या हातात पेन होतं. टोपण निघत होतं, लागत होतं. "किल्ल्या खिळ्यावर होत्या. सुकाने स्वतः लिहिलंय. गुमला म्हणजे हरवला."

मी ह्याच वाक्याची वाट बघत होते.

"हेतलला तसं वाटलं, ती गुजरातीत वाचत होती. धीरजला वाटलं, तो हिंदीत वाचत होता. तुम्ही कुठल्या भाषेत वाचलंत, पागधरे? सोमवारी माझ्यासमोर तुमच्या आईचा फोन आला. आत्या परत गुमली, तिला दारं लावून बसव, असं बोललात. हरवलेल्या बाईला दारं लावून कशी बसवतात, जरा सांगा."

त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ह्या खोलीत तो शब्द मंगळीखालोखाल तुम्हालाच नीट माहीत होता. आणि तुम्हीच त्याचा खोटा अर्थ सांगितलात." मी माझा फोन काढला. "चला, आईलाच विचारू. घिवलीचा नंबर आहे ना कार्यालयात? त्यांना विचारते, गुमला म्हणजे काय. का विचारते तेही सांगते."

"आईला नको!" तो ओरडला. "मॅडम, पाया पडतो, आईला नको."

टोपण हातातून निसटून टेबलाखाली गेलं. मग सगळं बाहेर आलं. दोन चाचण्यांचे अहवाल एकाच वेळी अंगावर आलेले. परत आलेल्या बाटल्यांत तळाला उरलेलं थोडं थोडं त्याने घेऊन पाहिलं. पहिल्यांदा झोप गेली, काम झालं. मग ते पुरेना. सोळा तारखेला, रविवारी, तो आला, गेटवर कोणी नाव लिहिलं नाही, आणि त्याने वापरलेल्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्या दुसऱ्या डब्यात ठेवल्या, भरलेल्या काढून घेतल्या आणि डब्याचं सील पुन्हा चिकटवलं. हेतलने त्याच्या केबिनमध्ये जाऊन टेबलाचा खण उघडला, तर पेनांच्या खोक्यामागे अकरा बाटल्या होत्या.

"सुकाची बोटं मोडली तेव्हा कुठे होतात?" मी विचारलं.

"वर. माझ्या केबिनमध्ये."

"आवाज आला?"

त्याने मान खाली घातली. "आला."

मंगळी त्याच्याकडे चालत गेली. मी तिला थांबवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला ती त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. तिने मारली नाही. तिने त्याचा उजवा हात धरला, टेबलावर उताणा ठेवला आणि त्याची दोन बोटं आपल्या मुठीत आवळली. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग तिने हात सोडला आणि पदराला पुसला.

मला बरं वाटलं. त्याची दया आली ती दोन दिवसांनी, आणि तीही थोडीच.

६

शुक्रवारी सुका सुटला. धीरजवर आणि त्याच्या दोन माणसांवर गुन्हा नोंदला गेला. अण्णांना मी लेखी माफी लिहायला लावली, ती तीनदा फाडली आणि चौथ्यांदा घेतली. उरलेल्या उंदरांना महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्यापुढे मी काही करू शकत नव्हते.

पुढच्या बुधवारी सुका आणि मंगळी त्याचा डबा आणि चपला न्यायला शुभ्रांगमध्ये आले. मीही गेले. त्याच दिवशी पोलिसांनी पागधरेला पंचनाम्यासाठी आणलं होतं. तो आपल्या काचेच्या केबिनमध्ये बसला होता. बाहेर बाकावर एक म्हातारी मांडीवर जेवणाचा डबा धरून बसलेली. ती त्याची आई, हे मला सांगावं लागलं नाही.

सुका काचेपाशी थांबला. आत पागधरेने पाच पेनं ओळीत मांडली, मोडली, पुन्हा मांडली. त्याचं तोंड रिकामं चावत होतं. सुका अर्धा तास तरी बघत असेल. उंदरांकडे बघायचा तसाच, शांतपणे.

"बाई, एक कार्ड द्या."

मी पिशवीतलं कोरं कार्ड दिलं. उजवा हात पट्टीत होता, म्हणून त्याने पेन्सिल डाव्या हातात धरली. वाकडंतिकडं काहीतरी लिहिलं आणि मंगळीने ते काचेवर, पागधरेच्या नावाच्या पाटीखाली चिकटवलं.

"सुका, हे काय?" मी कुजबुजले. "त्याची आई बसलीय इथे."

"जे दिसला ते लिवला," सुका म्हणाला. "तुमीच सांगितलेलात."

म्हातारी उठून आमच्याजवळ आली. तिने कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, मला वाचता येत नाय. काय लिवलंय ओ त्यावर?"

ज्या बाईला फोन लावायची धमकी देऊन मी तिच्या मुलाला मोडलं, ती ही. मला तोंड फिरवून जिना उतरता आला असता. मंगळी माझ्याकडे बघत होती.

"गुमला," मी वाचून दाखवलं.

म्हातारीने काचेला कपाळ टेकवलं आणि आत बघितलं. पागधरे मान खाली घालून पेनं मांडत होता. त्याने वर बघितलं नाही.

"हां," ती म्हणाली. "गुमला माजा पोर."